आधी आठ दिवस पेनड्राइव्हवरून

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. घरची हापूसची बाग, जोडीला आमसुलं आणि कोकम सरबताचा घरगुती उद्योग. सगळा हिशेब 2012 साली घेतलेल्या संगणकावर. विंडोज 7, ड्युअल कोअर प्रोसेसर, 500 जीबीची हार्ड डिस्क. रॅम 4 जीबी बसवलेली, पण वापरण्याजोगी दिसते 3.24. सुरू व्हायलाच आठ-दहा मिनिटं लागतात. दुकानदार म्हणतो, नवीन घ्या. भाच्याने मुंबईहून येताना उबुंटूची, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्स या फुकट प्रणालीच्या एका प्रकाराची, एक जुनी सीडी आणली आणि ‘घालून तर बघ’ म्हणाला. त्या विचारतात: नुसतं घालून बघितलं तर इतक्या वर्षांचा हिशेब जाईल का? आणि बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं?

ताई, हिशेब जाणार नाही. पण माझ्या शब्दावर विसंबून राहू नका. तो का जात नाही हे एकदा समजून घ्या, म्हणजे कुठे जपायचं तेही आपोआप कळेल.

एरवी तुम्ही बटण दाबता तेव्हा संगणक हार्ड डिस्ककडे जातो आणि तिथून विंडोज उचलतो. लाइव्ह सीडी, म्हणजे संगणकात काही न बसवता जिच्यावरून प्रणाली थेट चालते ती सीडी, घातली आणि आधी सीडी बघ असं त्याला सांगितलं, तर तो लिनक्सचा गाभा सीडीवरून उचलून रॅममध्ये ठेवतो. बाकीची सगळी प्रणाली सीडीवरच दाबून बसवलेल्या एका मोठ्या फाइलमध्ये असते आणि ती फक्त वाचता येते. तुम्ही जे काही बदलता, म्हणजे पडद्यावरचं चित्र, वायफायचा पासवर्ड, नवीन लिहिलेलं पत्र, ते सगळं रॅममधल्या एका थरावर लिहिलं जातं. संगणक बंद केला की रॅम रिकामी होते आणि तो थर नाहीसा होतो. पुढच्या वेळी परत कोरी पाटी.

या सगळ्यात हार्ड डिस्कची गरजच लागत नाही. मालवणजवळच्या एका बागायतदार आजोबांना हे पटेना. ‘ह्येच्यात माझा काय जावचा नाय मां?’ असं त्यांनी तीनदा विचारलं. मी त्यांच्यासमोर सीपीयूचं झाकण उघडलं, डिस्कची केबल काढून त्यांच्या हातात दिली आणि मग लिनक्स सुरू करून दाखवलं. डिस्क जोडलेलीच नाही आणि समोर पडदा चालू आहे, हे बघितल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. तुम्हालाही धाकधूक वाटत असेल तर पहिल्यांदा सुरू करताना असंच करा. संगणक बंद करून पिन भिंतीतून काढायची आणि मगच केबलला हात लावायचा.

केबल जोडलेली असेल तर काय होतं? पडवीत बसलेल्या पाहुण्यासारखं. चहापाणी बाहेरच होतं, माजघरात तो आपणहून जात नाही. पण माजघराचं दार उघडंच असतं आणि तुम्ही म्हणालात तर तो आत जाऊ शकतो. फाइलींच्या खिडकीत डाव्या बाजूला तुमची डिस्क दिसेल. तिच्यावर क्लिक केलं की तुमचे फोल्डर उघडतील, आणि तिथे एखादी फाइल खोडली तर ती खरोखरच खोडली जाईल. म्हणून आठ दिवसांसाठी एकच नियम पाळा. डिस्कवरचं वाचायचं, दुसरीकडे कॉपी करायचं, पण तिच्यावर काही लिहायचं नाही आणि तिच्यावरचं काही खोडायचं नाही.

दुसरं जपायचं ठिकाण याहून मोठं आहे. पडद्यावर एक चिन्ह असतं, ‘इन्स्टॉल’ असं लिहिलेलं. ते लिनक्स कायमचं बसवण्यासाठी असतं. त्यातून पुढे पुढे जात ‘डिस्क पुसून बसवा’ या अर्थाचा पर्याय निवडला तर हिशेब, फोटो, विंडोज, सगळं जातं. माझ्याकडे एकदा एक कुटुंब आलं होतं. मुलगा हौसेने लाइव्ह डीव्हीडी बघत होता. या चिन्हावर क्लिक केलं म्हणजे ती नीट सुरू होईल असं त्याला वाटलं आणि तो प्रत्येक पानावर ‘पुढे’ दाबत गेला. बहिणीच्या लग्नाचे फोटो त्याच डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. दोन दिवस खटपट करून काही फोटो परत आले, बरेच आले नाहीत. ती माउली माझ्यासमोर बसून होती, ते मी विसरलेलो नाही. म्हणून मी प्रत्येकाला सांगतो, घरात पोरं असतील तर त्यांना आधी हे चिन्ह दाखवा आणि याला हात लावायचा नाही म्हणून बजावा.

आता भाच्याची सीडी. ती त्याने प्रेमाने आणली आहे, पण ती वापरू नका. 2000 साली जर्मनीतल्या क्लाउस क्नॉपर यांनी क्नॉपिक्स हे सीडीवरून चालणारं लिनक्स काढलं, तेव्हा सुमारे 2 जीबीचं सामान दाबून 700 एमबीच्या सीडीवर बसवणं ही मोठी करामत होती. पुढे 2005 पासून 2011 पर्यंत उबुंटूवाले मागेल त्याला फुकट सीडी पोस्टाने पाठवत. 2006 साली मला आलेलं ते पाकीट अजून माझ्याकडे आहे. त्या सीडीने मला हे क्षेत्र दाखवलं, म्हणून तिच्याबद्दल मनात जिव्हाळा आहे. पण आज तिच्यावरचा ब्राउझर इतका जुना आहे की बँकेचं पानच काय, साध्या बातम्यांचं पानसुद्धा बहुधा उघडणार नाही. सुरक्षेचे नियम बदलले आणि ते त्याला ठाऊक नाहीत. तुम्ही ती सीडी घातलीत तर ‘लिनक्सवर इंटरनेट चालत नाही’ असा चुकीचा समज घेऊन उठाल. शिवाय आपल्याकडे चार पावसाळे कपाटात काढलेल्या सीडीवर बुरशीचे ठिपके पडतात आणि ड्राइव्हच्या भिंगावर ओल बसते. अर्ध्यावर अडकलेली सीडी बघून माणसं संगणकालाच दोष देतात.

आता सीडीची जागा पेनड्राइव्हने घेतली आहे. आजची लिनक्सची फाइल 700 एमबीत मावत नाही. डीव्हीडीवर काही मावतात, पण डीव्हीडीवरून चालवलं तर वेगाचा अंदाज चुकतो. तिथे प्रत्येक गोष्ट शोधायला भिंगाला पुढे-मागे सरकावं लागतं, म्हणून लिबरऑफिस, म्हणजे लिनक्सवरचं वर्ड-एक्सेलसारखं सॉफ्टवेअर, पहिल्यांदा उघडायला एखादं मिनिटही लागू शकतं. बंद करून परत उघडलं तर ते पटकन उघडतं, कारण आता ते रॅममध्ये आलेलं असतं. तुमच्या 2012 च्या यंत्राला पेनड्राइव्हवरून सुरू होता यायला हवं. 8 जीबीचा एक घ्या आणि सोबत अजून एक, दुसरा कशाला ते पुढे सांगतो.

कोणतं लिनक्स? तुमच्यासाठी लिनक्स मिंट, त्यातही एक्सएफसीई नावाचं रूप. फाइल 3 जीबीच्या आसपास असते. विंडोज 7 ची सवय असलेल्या माणसाला ते परकं वाटत नाही. खाली डावीकडे मेनू, उजवीकडे घड्याळ. मिंट 22 ला 2029 पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळणार आहेत. याउलट तुमच्या विंडोज 7 ची साथ 14 जानेवारी 2020 लाच संपली. त्यावर बँकेचे व्यवहार करत असाल तर ते आजपासून थांबवा, ही माझी कळकळीची विनंती.

तुमच्या विंडोजमध्ये ‘32-बिट’ असं लिहिलेलं असणार. 4 जीबीतली 3.24 च दिसते त्याचं कारण बहुधा तेच. 32-बिट विंडोजला त्याहून जास्त रॅम हाताळता येत नाही. पण विंडोज 32-बिट म्हणजे प्रोसेसरही 32-बिट, असं नाही. त्या काळात आपल्याकडे 64-बिट प्रोसेसरवर सर्रास 32-बिट विंडोज टाकून द्यायचे. 2012 चा ड्युअल कोअर डेस्कटॉप जवळजवळ नक्की 64-बिट आहे, तेव्हा मिंट बिनधास्त घ्या. नसलाच तर पडद्यावर तसा संदेश येऊन यंत्र थांबेल, बिघडणार काहीच नाही. ज्यांची रॅम 2 जीबी किंवा कमी आहे, किंवा प्रोसेसर खरोखरच 32-बिट आहे, त्यांनी अँटीएक्स किंवा पपी ही हलकी लिनक्स बघावीत. लाइव्ह चालवताना बदलांचा थरही रॅममध्येच बसतो, त्यामुळे बसवलेल्या लिनक्सपेक्षा लाइव्ह लिनक्सला रॅम जास्त लागते, हेही त्यांनी ध्यानात ठेवावं.

फाइल उतरवताना घाई करू नका. किनाऱ्यावरच्या गावांत रेंज येते-जाते, त्यात पाऊस लागला की विचारूच नका. 3 जीबीची फाइल मध्येच तुटते आणि तरी पूर्ण झाल्यासारखी दिसते. ‘लिनक्स सुरूच होत नाही’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी पेनड्राइव्हचं मूळ दुखणं हेच निघालं. मिंटच्या संकेतस्थळावर फाइलीसोबत एक लांबलचक आकडा-अक्षरांची ओळ दिलेली असते, तिला शा-256 म्हणतात. आपल्या फाइलीवरून निघणारी ओळ तिच्याशी जुळली तर फाइल अखंड आहे. एक अक्षर जरी वेगळं आलं तरी परत उतरवा. देवगडात किंवा कणकवलीत कोणाकडे फायबरचं कनेक्शन असेल तर तिथे बसून उतरवून आणलेलं सगळ्यात बरं.

पेनड्राइव्ह बनवायला रुफस नावाचा छोटा प्रोग्राम वापरा. इथे तुमच्यासाठी एक खाचखळगा आहे. रुफसची 4 पासून पुढची आवृत्ती विंडोज 7 वर चालत नाही, तुम्हाला 3.22 हवी. ती त्यांच्याच संकेतस्थळावर जुन्या आवृत्त्यांमध्ये मिळते. ती ओळ तपासायचं बटणही त्यातच आहे. बनवताना पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं, म्हणून तो आधी रिकामा करून घ्या, आणि त्या वेळी संगणकाला दुसरं काहीही लावून ठेवू नका, ना बाहेरची डिस्क, ना कॅमेऱ्याचं कार्ड. चुकीच्या नावावर बोट पडायला क्षणही लागत नाही.

आता सुरू करताना. यंत्र चालू केल्या केल्या एक कळ दाबत राहायची, म्हणजे कुठून सुरू करू असा मेनू येतो. जोडून घेतलेल्या डेस्कटॉपमध्ये ती मदरबोर्डप्रमाणे बदलते. गिगाबाइटला एफ12, आसुसला एफ8, एमएसआयला एफ11, इंटेलच्या बोर्डाला एफ10. मेनूत पेनड्राइव्हचं नाव निवडा. पडदा काळा होऊन तसाच राहिला तर घाबरू नका. परत सुरू करून मिंटच्या मेनूतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ घ्या. जुन्या ग्राफिक कार्डांशी कधी कधी जमत नाही, त्यावर तो उतारा आहे.

ज्यांचे संगणक नवे आहेत, विंडोज 10 किंवा 11 चे, त्यांच्यासाठी दोन वाक्यं. विंडोज बंद करताना शिफ्टची कळ धरून बंद करा, नाहीतर ते अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला डिस्क नीट उघडता येत नाही. आणि सिक्युअर बूटच्या, म्हणजे अनोळखी प्रणाली सुरू होऊ न देणाऱ्या, सेटिंगला हात लावण्याआधी बिटलॉकरची, म्हणजे विंडोजच्या डिस्कवरच्या कुलपाची, रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा, ती नसेल तर स्वतःच्याच डिस्कला मुकाल.

पडदा आला, मेनू दिसला, की माणसं पाच मिनिटं इकडे तिकडे क्लिक करतात, ‘छान आहे’ किंवा ‘नाही जमत’ म्हणतात आणि उठतात. इथेच चूक होते. लाइव्ह लिनक्स दिसतं कसं हे महत्त्वाचं नाही. तुमचं काम त्यावर होतं का, हे बघायचं आहे. म्हणून मी आठ दिवस म्हणतो. रोज संध्याकाळी तासभर, आणि खरं काम करायचं: खरं बिल, खरं लेबल, खरा हिशेब.

सगळ्यात आधी घड्याळ बघा. बारा-तेरा वर्षांच्या यंत्रात मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल, सीआर2032, बहुधा संपत आलेला असतो. आपल्याकडे विजांच्या भीतीने जून ते सप्टेंबर पिन भिंतीतून काढून ठेवतात, त्यात तो अजून लवकर संपतो. मग यंत्राची तारीख कित्येक वर्षं मागे जाते आणि ब्राउझर प्रत्येक संकेतस्थळाला ‘असुरक्षित’ म्हणून अडवतो. दोष लिनक्सचा नसतो, तारीख हाताने बरोबर केली की पानं उघडतात. सेल बदलायला खर्च अगदी किरकोळ आहे, तो बदलूनच घ्या.

घड्याळाची दुसरीही एक गंमत आहे. विंडोज यंत्रात आपली स्थानिक वेळ लिहून ठेवतं आणि लिनक्स ती ग्रीनिचची वेळ समजतं. त्यामुळे लिनक्समध्ये घड्याळ साडेपाच तास पुढे दिसू शकतं. आणि इंटरनेटवरून लिनक्सने वेळ दुरुस्त केली, तर नंतर विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे पडलेलं असतं. सकाळी नऊला बिलं करायला बसाल तर घड्याळात पहाटेचे साडेतीन दिसतील. विंडोजमध्ये परतल्यावर वेळ बघून घ्यायची सवय लावा.

इंटरनेटसाठी वायफाय लगेच लागलं तर उत्तम. काही जुन्या वायफाय कार्डांना वेगळा ड्रायव्हर लागतो आणि तो उतरवायलाच इंटरनेट हवं, असा पेच पडतो. त्यावर सोपा उपाय म्हणजे अँड्रॉइड फोन चार्जिंगच्या केबलने संगणकाला लावा आणि फोनमध्ये यूएसबी टेदरिंग चालू करा. लिनक्सला ते तारेचं कनेक्शन वाटतं आणि ते लगेच जोडलं जातं. ही युक्ती मी खेडोपाडी वापरत आलोय.

मग मराठी. यावर जरा थांबतो, कारण आपल्याकडची बहुतेक माणसं इथेच अडतात. तुमचा हिशेब आणि लेबलं 2012 पासूनची आहेत, म्हणजे त्यात दोन प्रकारचं मराठी असणार. युनिकोडमधलं, म्हणजे फोनवर लिहितो तसलं, मराठी लिनक्सवर आपोआप दिसतं, त्याला काही करावं लागत नाही. पण शिवाजी, कृतिदेव असल्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल, तर लिबरऑफिसमध्ये फाइल उघडल्यावर ‘आमसुलं’ऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा दिसेल. फाइल बिघडलेली नाही. त्या फॉन्टमध्ये मुळात इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्यांना मराठी रूप चढवलेलं असतं. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून तो फॉन्ट कॉपी करून लाइव्ह लिनक्सच्या फॉन्टमध्ये टाका, फाइल परत उघडा, मराठी दिसेल. टाइपही पूर्वीसारखंच होईल. फक्त ऑल्ट दाबून आकडे घालून जी जोडाक्षरं काढायची सवय असते, ती युक्ती लिनक्समध्ये तशी चालत नाही. ती अक्षरं कॅरेक्टर मॅपमधून उचलावी लागतात. डोंगल, म्हणजे परवान्याची किल्ली, लावून चालणारं जुनं मराठी सॉफ्टवेअर असेल तर मात्र ते इथे चालेल या भरवशावर राहू नका.

नवीन लिहायला युनिकोडच वापरा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये देवनागरीचे लेआउट आधीपासून दिलेले आहेत, काही उतरवायची गरज नाही. त्यातला इन्स्क्रिप्ट हा लेआउट शिकायला दोन आठवडे लागतात. पण डावीकडे स्वर आणि उजवीकडे व्यंजनं ही मांडणी एकदा बोटांत बसली की कुठल्याही यंत्रावर तीच चालते. माझ्या मुलीने एका सुट्टीत शिकून घेतली. फोनवर इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल, तर मराठीचा उच्चारानुसार चालणारा लेआउटही त्याच यादीत आहे.

एक्सेलच्या फाइली लिबरऑफिस उघडतं. बेरजा, टक्केवारी, साधी सूत्रं, सगळं चालतं. कोणी मॅक्रो, म्हणजे फाइलीत आपोआप काम करणाऱ्या आज्ञा, लिहून दिलेले असतील तर ते चालतीलच असं नाही. म्हणून तुमची सगळ्यात अवघड फाइल उघडून बघा, सगळ्यात सोपी नव्हे. मागच्या हंगामाच्या पेट्यांचा हिशेब, बागेतल्या मजुरीचा तक्ता, ज्यात दहा पानं एकमेकांना जोडलेली आहेत, ती फाइल. शेवटची बेरीज विंडोजमधल्या बेरजेशी ताडून बघा. लेबलं कोरल ड्रॉमध्ये असतील तर ते लिनक्सवर चालत नाही. कुडाळच्या किंवा कणकवलीच्या प्रेसवाल्याकडून लेबलं पीडीएफमध्ये करून घ्या, छापायला तेवढं पुरतं. टॅली वापरत असाल तर तीही सरळ चालत नाही. जीएसटी किंवा इतर सरकारी कामासाठी डिजिटल सहीचं टोकन लागत असेल, तर तेवढ्या कामासाठी विंडोजचं एक यंत्र हाताशी असू द्या.

प्रिंटर लावून खरं पान छापा. बरेच प्रिंटर लावल्याबरोबर ओळखले जातात. एचपीच्या 1020 सारख्या छोट्या लेझर प्रिंटरला चालू करताना दरवेळी संगणकाकडून फर्मवेअर, म्हणजे त्याचा आतला प्रोग्राम, पाठवावं लागतं, म्हणून त्याच्यासाठी एचपीचं एक वेगळं प्लगइन उतरवावं लागतं. ते लाइव्हमध्ये उतरवून चालवून बघता येतं, फक्त यंत्र बंद केलं की ते जातं. छापून आलेलं पान हातात येईपर्यंत प्रिंटर चालतो असं धरू नका.

रोजचं काम साठवायला तो दुसरा पेनड्राइव्ह. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल यंत्र बंद होताच जाते. आणि पावसाळ्यात यंत्र तुम्ही बंद केलं नाही तरी वीज ते बंद करते. दर दहा मिनिटांनी दुसऱ्या पेनड्राइव्हवर सेव्ह करा. मात्र लाइव्ह लिनक्स चालू असताना वीज गेली म्हणून हार्ड डिस्कवरच्या विंडोजला धक्का बसत नाही, कारण त्या वेळी डिस्कवर काही लिहिलंच जात नसतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. यंत्र सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात, याचा दोष विंडोजचाच आहे हे कोणी ठरवलं? मिंटच्या मेनूत ‘डिस्क्स’ नावाचा प्रोग्राम आहे. त्यात तुमची 500 जीबीची डिस्क निवडा आणि ‘स्मार्ट डेटा’ उघडा. डिस्क स्वतःची तब्येत स्वतः नोंदवून ठेवत असते, ती नोंद तिथे दिसते. दोन ओळी बघायच्या: ‘रिअलोकेटेड सेक्टर काउंट’ आणि ‘करंट पेंडिंग सेक्टर’. दोन्ही शून्य असतील तर बरं. आकडे असतील, आणि दोन दिवसांनी बघितल्यावर ते वाढलेले असतील, तर डिस्क मरणाला टेकली आहे. मग लिनक्सचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच क्षणी, त्याच लाइव्ह पेनड्राइव्हवरून, तुमचा हिशेब बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. आजारी डिस्कवर विंडोज चालू ठेवलं तर ते सतत वाचत-लिहीत राहतं आणि उरलेलंही घालवतं. लाइव्ह लिनक्समधून फक्त तुम्हाला हवं तेवढंच वाचलं जातं. माझ्या हातून आजवर जेवढा लोकांचा डेटा वाचला, त्यातला बराचसा असाच वाचला आहे.

एक मात्र निक्षून सांगतो. जुलै 2021 मध्ये चिपळूणला वाशिष्ठीचं पाणी घराघरांत शिरलं होतं. तशा पाण्यात बुडालेल्या यंत्राला हे काहीही लागू नाही. ओली डिस्क चालू करून बघायची नसते, ना विंडोजने, ना लिनक्सने. ती थेट डेटा काढणाऱ्या जाणकाराकडे न्यायची.

डिस्क ठणठणीत निघाली आणि यंत्र तरी अडखळत असेल, मध्येच गोठत असेल, तर झाकण उघडून रॅमच्या पट्ट्या बघा. खारी हवा आपल्या किनाऱ्यावर छपरांचे पत्रे खाते, तशी ती रॅमचे सोनेरी दात आणि त्यांच्या खोबणीही खाते. पिन काढलेली असताना पट्टी उपसून तिचे दात शाळेतल्या साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासा, कीस फुंकून टाका, पट्टी ‘टक’ आवाज येईपर्यंत परत दाबा. एवढ्याने जिवंत झालेली यंत्रं मी मोजायची सोडून दिली आहेत.

आठ दिवसांनी तुमचं काम त्यावर होतंय असं दिसलं, तरी जुन्या डिस्कवर काही बसवू नका. 240 किंवा 256 जीबीची एक एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, घ्या. जुनी डिस्क काढून, वर तारीख लिहून, सिलिकाच्या पुड्यांसोबत हवाबंद डब्यात ठेवा. मग रिकाम्या एसएसडीवर मिंट बसवा. त्या वेळी यंत्रात पुसण्यासारखं दुसरं काही नसतंच, म्हणून ‘डिस्क पुसून बसवा’ हा पर्यायही निर्धास्तपणे घेता येतो. नाही पटलं तर जुनी डिस्क परत लावायची, विंडोज होतं तिथे आहे. आणि दहा मिनिटांचं सुरू होणं मिनिटभराच्या आत येईल. त्याचं बरंचसं श्रेय एसएसडीचं असेल, हेही तुम्हाला आधीच सांगून ठेवतो.

आठ दिवसांनी काम होत नाही असं दिसलं, कारण टॅली किंवा टोकन तुमच्या धंद्याचा कणा आहे, तर तेही प्रामाणिक उत्तर आहे. मग दुकानदाराचं ऐका आणि नवीन यंत्र घ्या. जुनं यंत्र लिनक्स टाकून मुलांना द्या.

वेळ मात्र आताचीच धरा. मार्चमध्ये पेट्या भरायला लागल्या की तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसते, आणि त्या धावपळीत नवीन प्रणालीवर बिलं करणं कोणालाच झेपत नाही. जे काही बदलायचं ते मोहर यायच्या आधी बदलून, दोन महिने हात बसवून ठेवा.

पहिल्या संध्याकाळी एवढंच करा: मिंटचा पेनड्राइव्ह लावून यंत्र सुरू करा, ‘डिस्क्स’ उघडा, त्या दोन ओळींचा फोनने फोटो काढा आणि मला पाठवा. आणि हिशेबाचा फोल्डर आणखी एका वेगळ्या पेनड्राइव्हवर कॉपी करून तो पेनड्राइव्ह घराबाहेर, म्हणजे बहिणीकडे नाहीतर शेजारी ठेवून द्या. फोटो आला की पुढचं बोलू.